डब्यातला पिवळा चुरा

पौलसने डब्याचं झाकण फिरवलं, तशी कुंपणापलीकडून तुरेवाली कोंबडी पळत आली. पाठोपाठ बाकीच्याही.

"हे तुमचं नाही," पौलस म्हणाला. रोजच म्हणायचा. कोंबड्या ऐकून घ्यायच्या आणि उंबऱ्याशी माना वाकड्या करून उभ्या राहायच्या. डबा त्यांच्या ओळखीचा होता. पौलसचं खुराडं भरलेलं होतं तेव्हा त्यात त्यांचंच खाद्य असायचं. आता त्यात न्यूट्रिशनल यीस्ट होतं. हवा जात नाही असा घरात दुसरा डबा नव्हता.

हा पिवळा चुरा मुलाने, योहानने, बंगळुरूहून पाठवला होता, सूचनांसकट. मांस, अंडी, दूध सगळं सोडल्यापासून तो हेच जेवणावर घालून खायचा. ऊन लागू द्यायचं नाही. ओला चमचा घालायचा नाही, गोळे होतात. भाजीत शिजवायचा नाही, खाली उतरवल्यावर वरून भुरभुरायचा. पौलसची हयात नवापूरच्या पोल्ट्रीवर गेलेली. इतक्या सूचना त्याने फक्त एक दिवसाच्या पिल्लांबाबत ऐकल्या होत्या, आणि त्या पाळूनही त्यातली काही मरायचीच.

पण त्याने सगळ्या पाळल्या. डबा तो बायकोच्या साड्यांच्या कप्प्यात ठेवायचा. तिथे अंधार असायचा, आणि तो कप्पा आता दुसऱ्या कशासाठी उघडावा लागत नव्हता.

"काय खाई ऱ्हायनात भाऊ, आज बी तेच?" कुंपणापलीकडून गुलाबबाईने विचारलं. ही शेजारीण, मूळची रनाळ्याची. रविवारी पौलस चर्चमधून आला की तिची भांडी नेमकी कुंपणाशी घासायला निघत.

"तेच."

"मले तं तो कोंबडीना कोंडाच दिखस."

"वास पण तोच आहे," पौलसने मान्य केलं.

कोंबड्या त्याने गुलाबबाईलाच देऊन टाकल्या होत्या. मागच्या नाताळला योहान भरल्या ताटावरून उठला. "ज्या घरात कापतात तिथे माझ्या घशाखाली उतरत नाही, बाबा," म्हणाला, आणि सुट्टीभर बिस्किटं खाऊन परत गेला. पुढच्याच आठवड्यात खुराडं रिकामं झालं. अंडी खा, पण कापायची नाही एकही, एवढीच अट. या नाताळला योहान याच घरात, याच ताटातलं, बापाच्या शेजारी बसून जेवणार होता.

त्यासाठी पौलस तयारी करत होता. पहिल्या चिमटीला त्याचं पोट चर्चमध्ये असं गुरगुरलं की पाळकांनी उपदेश थांबवला. पुढच्या रविवारपासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला, पण चिमूट सोडली नाही. मग दोन चिमटी. मग अर्धा चमचा. आज पूर्ण.

त्याने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला. घंटी बराच वेळ वाजली. मग पडद्यावर योहानचं कपाळ आलं, आणि हळूहळू खालचा योहान.

"काय जेवताय बाबा?"

"भाकर. उडदाची डाळ. वर तुझं ते." पौलसने ताट फोनसमोर तिरकं केलं. डाळ सांडता सांडता राहिली. "पूर्ण चमचा. पोट आता काही बोलत नाही."

"अरे वा." योहान खाली कुठेतरी पाहत होता. त्याचा हात वर आला तेव्हा काट्यावर पांढरं-पिवळं काहीतरी लोंबत होतं.

पौलसने चष्मा लावला नाही. गरज नव्हती.

"फार्मचं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"अंडं. बलक फिका आहे."

काटा हवेत थांबला. मग तोंडात गेला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"हो, ते... ते पथ्य सोडलं मी, बाबा. उन्हाळ्यातच. सांगायचं राहून गेलं. ते यीस्ट-बिस्ट मला पचतच नव्हतं हो. पोट कायम फुगलेलं." योहान हसला. "नाताळला सुट्टी मिळाली तर येतो. गावठी कोंबडी ठेवा एक. इथे सगळी फार्मचीच मिळते... बाबा, ऑफिसचा फोन येतोय. नंतर बोलू?"

"बोलू," पौलस म्हणाला. तोवर पडदा काळा झाला होता. त्यात त्याचं स्वतःचं ताट दिसत होतं.

गुलाबबाईने घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं.

"आयकं मी," ती म्हणाली. "बरं व्हयनं. पोऱ्या ताळ्यावर उना." मग तिने विचारलं, "मंग नाताळले कोणती धरू? तुरेवाली का? अट तुमनीच शे, म्हनीसन इचारस."

तुरेवाली उंबऱ्यावर चढली होती. ती डब्याकडे पाहत होती.

"आनि ते आते ठेई काय करशात?" गुलाबबाईने भांड्यानेच डब्याकडे खूण केली. "टाकी द्या ना कोंबड्यास्ले."

पौलसने तुरेवालीकडे पाहिलं. मग चमचा सदऱ्याला पुसून नीट कोरडा केला.

"नको," तो म्हणाला. "एकदम पचायचं नाही त्यांना. हळूहळू सवय करावी लागते."

आणि त्याने डाळीवर आणखी एक चमचा भुरभुरला, हवा जाऊ नये म्हणून झाकण घट्ट फिरवलं, आणि जेवायला सुरुवात केली.