नाल्याकाठचा वाटा

प्रभाकररावांनी पाण्यात पाय घातला आणि झटक्यानं वर घेतला.

"हळू उतरा, भाऊजी," काठावर खुर्ची टाकून बसलेली देवकाबाई म्हणाली. "घाई करणाऱ्याले हे पाणी चावते."

सगळा हौद हसला. हौदात त्यांचंच घर होतं. सुना होत्या, नातवंडं होती आणि मधोमध, गळ्याएवढ्या पाण्यात, त्यांची बायको अन्नपूर्णा. गाडीतून तिला दोघींनी धरून उतरवलं होतं. पाण्यात गेल्यापासून ती कोणाला हात लावू देत नव्हती.

थंडीत देवकाबाईच्या झऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. समुद्रपूरचे येतात, देवळीचे येतात, नालवाडीहून तर गाड्या भरून येतात. नाल्याकाठी जमिनीतून ऊन पाणी निघतं. ते बाईनं आणि तिच्या मुलानं, सचिननं, दगडी हौदात घेतलं, बायकांना कपडे बदलायला खोल्या बांधल्या, चुलीवर भाकरी सुरू केल्या. पाणी सगळ्या गावाला दिसत होतं. हौद एकटीलाच दिसला.

आज तिनं हौद दिराच्या घरासाठी राखून ठेवला होता. वाटणी झाल्यापासून दीर पहिल्यांदाच तिच्या वावरात येत होता. "सगळे येतो, दिवसभर राहतो," असा फोन आला तेव्हा तिला बरं वाटलं. मग गाडीतून सगळ्यांच्या मागून तानबाजी उतरले. वाटणीला पंच म्हणून बसलेले तानबाजी. अंघोळीला कोणी पंच घेऊन येत नाही. देवकाबाई काय ते समजली. सुनेला एवढंच म्हणाली, "सुरभी, भरीत जास्त कर. पाहुण्यांले पोट भरून जेवू दे, मग काय बोलायचं ते बोलतीन."

पाहुणे पोट भरून जेवले. अन्नपूर्णानं काठावरच चार घास खाल्ले आणि ती पुन्हा पाण्यात गेली. तानबाजी पायरीवर पाय सोडून बसले. प्रभाकररावांनी आपली खुर्ची भावजयीजवळ ओढली.

"वहिनी, एक गोष्ट मनात सलून राह्यली. दादा गेल्यावर वाटणी झाली, त्यात तुमच्यावर अन्याय झाला. सडकेचं काळं वावर मी घेतलं. तुमच्या गळ्यात हे नाल्याकाठचं पडलं."

"काऊन? म्या काही तक्रार केली काय?"

"तुम्ही नाई केली. पण माझ्या जिवाले लागते ना. त्या दिवशी पंचांसमोर तुम्ही किती रडल्या. सडकेचं द्या म्हणून पदर पसरला. इचारा तानबाजीले."

"रडल्या होत्या," तानबाजी पाण्याकडे पाहत म्हणाले. "लय रडल्या होत्या."

"म्हणून म्हणतो, पुन्हा बसू. दोन्ही वावरं अर्धी-अर्धी करू. सडकेचं अर्धं तुम्हाले, हे अर्धं मले."

"अन् हौद?"

"हौद अर्ध्यातच येते, वहिनी. झरा काय कोणी एकट्यानं लावला?"

चुलीजवळ सचिनचा हात थांबला. दगड त्यानं स्वतः वाहून आणले होते.

"अन् म्या नाई म्हटलं तर?"

"तर गावात बैठक बसवू. अन्याय झाला, हे पंचच सांगून राह्यले."

देवकाबाईनं लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या. दिराकडे तिनं पाहिलंही नाही.

"तानबाजी, वाटे कोणं पाडले होते?"

"तुम्ही. थोरल्या घरानं पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. रीतच हाय."

"मंग आधी कोणं उचलला?"

"प्रभाकरनं."

"कोणता?"

तानबाजींनी पाण्यावरची नजर उचलून देवकाबाईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुम्ही ज्याच्यासाठी रडत होत्या, तो."

"आता समजलं असन, कशाले रडली ते." देवकाबाई दिराकडे वळली. "कापूस वेचून बायकांचे गुडघे दुखत, तवा दुपारी आम्ही साऱ्या इथंच पाय सोडून बसत होतो. उठताना पाय हलके. तुम्ही माणसं कधी इकडं फिरकली नाई. तुम्ही म्हणत होते, झरा मुरूम टाकून बुजवा, कापसाची पराटी लावा. मले हेच वावर पाह्यजे होतं. सरळ मागतलं असतं, तर तुम्ही देल्लं असतं काय?"

प्रभाकररावांनी खुर्ची मागं सरकवली. ते देणारे नव्हते, हे त्यांच्या नातवंडांनाही माहीत होतं.

तानबाजींनी पाय पाण्यातून काढले नाहीत. "वाटणी बरोबर झाली," ते म्हणाले. "आधी उचलणाऱ्याले मागून बोलता येत नाई. बैठकीतही मी हेच सांगन."

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. कोणावर तरी राग काढायचा म्हणून ते हौदाकडे वळले.

"अन्नपूर्णा, तूही जात होती ना वेचाले? तूही बसली असशीन इथं?"

"बसत होती."

"मंग वाटणीच्या वेळी तोंड काऊन नाई उघडलं?"

अन्नपूर्णा डोळे मिटून हनुवटीपर्यंत पाण्यात उतरली.

"उघडलं होतं की," ती म्हणाली. "रडा म्हणून जाऊबाईले मीच सांगतलं होतं."