चल, बाळू!

"एवढ्या धिप्पाड कुत्र्याला फक्त अर्धा तास फिरवता? हा छळ आहे, काका!" सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर ठणकावलं. वक्तृत्वाचा करंडक जिंकून आठवडाच झाला होता. टाळ्यासुद्धा पडल्या!

टिपणीसकाका खाली बघत म्हणाले, "अगं, ग्रेट डेन आहे तो. सत्तर किलो वजन सांध्यांवर येतं. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, तोही सावकाश. पुरतं त्याला." पण लोक माझ्याकडेच बघत होते. शेवटी काकांनी नाइलाजाने बाळूचा पट्टा माझ्या हातात दिला.

रविवारी सकाळी मी त्याला थेट टेकडीवर नेलं. वाटेत तो तीनदा बसला. तीनदा मी "चल, बाळू!" म्हणाले आणि तीनदा तो शेपटी हलवत उठला. मला वाटलं, बघा, किती आवडतंय त्याला! चौथ्यांदा मात्र त्याला मागचे पाय उचलताच आले नाहीत. फिरायला आलेल्या चौघांनी त्याला चादरीत घालून खाली आणलं.

संध्याकाळी माफी मागायला गेले. काका जमिनीवर बसून बाळूच्या पाठीवरून हात फिरवत होते. "ये गं. डॉक्टर म्हणालेत, पंधरा दिवस त्याला उठू द्यायचं नाही," एवढंच ते बोलले.

माफी मी पाठ करून आले होते. "काका, मी..."

माझा आवाज ऐकताच बाळूची शेपटी हलली. पुढचे पाय रोवून तो उठायला धडपडू लागला.

मी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.