मुलगी सापडली

फोटोतल्या मुलीचे केस लांब, सोनेरी होते. आठ नंबरच्या केबिनमध्ये राहणाऱ्या केटचे आखूड आणि काळे. पण हनुवटीवरचा तीळ तोच होता. नोलीननं चष्मा पुसला आणि मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला. लग्नाचा फोटो होता. शेजारी उंच, हसरा नवरा.

'माझी मुलगी ब्रॉनी नातीला घेऊन घरातून निघून गेली आहे,' खाली लिहिलं होतं. 'तिला कुणी रागावणार नाही. मी आजारी आहे. डोळे मिटण्याआधी एकदा तिला बघायचंय. कुणाला दिसली तर कृपा करून कळवा. ग्लेनिस.'

हजारो लोकांनी ते फेसबुकवर पुढं पाठवलं होतं. कुणी प्रार्थना लिहिल्या होत्या, कुणी नुसतेच रडके चेहरे टाकले होते.

केट हिवाळ्यात नोलीनच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये केबिन भाड्यानं घ्यायला आली, ती तिथंच राहिली. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये कालवं उघडायचं काम करायची. तेवढा वेळ तिची छोटी मुलगी मेबल नोलीनजवळ असायची. केट कष्टाळू होती, पण भारी बुजरी. गाडी कायम केबिनच्या मागे लावायची. ख्रिसमसच्या जेवणाला सगळ्यांचा फोटो काढायची वेळ आली, तेव्हा मेबलला उचलून बाहेर निघून गेली होती.

"कळवू का गं?" नोलीननं डल्सीला विचारलं. डल्सीचा पलीकडेच पेट्रोल पंप होता. सकाळचा चहा मात्र ती इथं प्यायची.

"लोकांच्या भानगडीत नाक खुपसू नकोस. ते डबडं ठेव आणि बिस्किटं काढ."

"याच डबड्यानं माझा क्रेग मला परत दिला."

यावर डल्सीनं स्वतःच बिस्किटांचा डबा पुढं ओढला. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशी नोलीनचं आणि मुलाचं कडाक्याचं वाजलं होतं. क्रेग उठून पार उत्तरेला डार्विन शहरात गेला आणि त्यानं आईशी बोलणंच टाकलं. फेसबुकवरच्या विणकामाच्या ग्रुपमध्ये तिकडचीच एक बाई होती, ओळख ना पाळख. तिनं त्याला हुडकून काढलं, तुझी आई झुरतेय म्हणून सांगितलं. आता दर रविवारी नोलीन पडद्यावर नातवाला रांगताना बघायची. ती बाई गप्प बसली असती तर?

"आणि त्याच डबड्यावर गेल्या वर्षी अख्ख्या गावानं मला धुतलं," डल्सी म्हणाली. "म्हणे माझ्या पेट्रोलात पाणी! पाणीबिणी काही निघालं नाही. एकानं तरी माफी मागितली?"

"ते वेगळं. ही आई आहे गं."

डल्सी गेल्यावर नोलीननं निरोप टाकला: 'तुमची मुलगी सुखरूप आहे.' उत्तर लगेच आलं. 'देव तुमचं भलं करो. कुठं आहे ती?'

पत्ता द्यायला मात्र नोलीनचं मन धजेना. 'आधी फोनवर बोलूया का?' तिनं विचारलं.

'घशाचं ऑपरेशन झालंय माझ्या. आवाज गेला.'

नोलीनला भरून आलं. मग दोघींचं रोज लिहिणं सुरू झालं. मेबल नीट जेवते का? ब्रॉनी एकटीच राहते का? कामावरून कधी येते? तिची जुनी गाडी अजून चालते का? नोलीन सगळं सांगायची. इतकं बारीकसारीक आईशिवाय कोण विचारणार?

एका संध्याकाळी कपडे वाळत घालताना तिनं केटकडे विषय काढून पाहिला.

"तुझी आई कुठं असते गं?"

केटच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि बराच वेळ वर उठलीच नाही.

"आईचा विषय नको, नोलीन. तुम्ही चांगल्या आहात. तेवढं विचारू नका."

तिचे डोळे भरले होते. क्रेग बोलत नव्हता त्या दिवसांत आरशात दिसायचे तसेच. नोलीननं घरात येऊन पत्ता पाठवून दिला.

'तिला आधी सांगू नका,' ग्लेनिसनं लिहिलं. 'घाबरून पुन्हा निघून जाईल. मीच समोर येऊन उभी राहते. जावई गाडीनं आणेल मला. देवमाणूस आहे हो तो. तिच्यासाठी रोज रडतो.'

रविवारी नोलीननं मायलेकींना जेवायला बोलावलं. मेंढीचं मटण ओव्हनमध्ये खरपूस भाजलं, भोपळा केला, ठेवणीतल्या बश्या काढल्या. मेबल टेबलाखाली मांजराशी खेळत होती. केट पाव कापत होती. त्या दिवशी तिचा चेहरा कधी नव्हे इतका सैल होता.

"इथं आल्यापासून मला झोप लागते, माहितीये?" ती हसून म्हणाली. "तुमच्याकडे माहेरी आल्यासारखं वाटतं."

"अगं, अजून आनंद व्हायचाय तुला," नोलीन म्हणाली. तिला आता दम धरवत नव्हता.

बाहेर खडीवर चाकं वाजली. नोलीननं खिडकीतून पाहिलं. पांढरी गाडी होती. फोटोतला जावई उतरला, त्यानं केसांवरून हात फिरवला आणि दार हलकेच लावलं. म्हातारी मागे बसली असेल, तिला हाताला धरून उतरवावं लागेल. नोलीननं घाईघाईनं ॲप्रन सोडला.

"केट... आता ब्रॉनी म्हणू का तुला? रागावू नकोस हं, पोरी. तुझी आई आलीय."

पाव कापणारी सुरी थांबली. केटनं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून तिनं मेबलला टेबलाखालून ओढलं आणि घट्ट पोटाशी धरलं.

"दाराला कडी घातलीय?"

"कडी कशाला? अगं, ग्लेनिस इतक्या लांबून तुझ्यासाठी..."

दारावर कुणीतरी अगदी सभ्यपणे टकटक केलं.

"नोलीन," केट कुजबुजली, "माझी आई मी शाळेत असतानाच वारली."