मालिकेतली धाकटी

"आजही तोंड उघडत नाहीत," सिस्टर म्हणाली. "बरं झालं तुम्ही आलात."

नुकत्याच आत आलेल्या तिने पिशवी खुर्चीवर टाकली आणि सूपची वाटी उचलली. खिडकीजवळच्या पलंगावर बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"आलीस का धाकटे! सगळं युनिट खोळंबलंय तुझ्यासाठी."

"आले आई. आ कर बघू."

बाईंनी शहाण्या मुलासारखा आ केला.

बाई म्हणजे टीव्हीवरची आई. मालिका तीन महिन्यांत गुंडाळायची म्हणून सुरू झाली आणि चौदा वर्षं चालली. वडिलांना सिनेमा मिळाला, म्हणून त्यांना अपघातात मारलं. थोरल्याचा चेहरा दोनदा बदलला, तोही प्रेक्षकांनी मुकाट्याने गिळला. घरातला जिना डावीकडचा उजवीकडे गेला. आई मात्र एक दिवस चुकली नाही. आता बाईंच्या डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं होतं, मालिका तेवढी शाबूत होती. त्या धाकटीशिवाय कोणाच्या हातून खात नव्हत्या. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"टीव्हीवर तुम्ही उंच वाटायचात हो," सिस्टर उशी सारखी करत म्हणाली. ती इथे नवीनच लागली होती.

"कॅमेऱ्याचं काही खरं नसतं."

सिस्टर हसली आणि दाराशी जाऊन औषधं काढू लागली.

"तुझ्या तापाचा सीन आठवतो का ग?" बाईंनी विचारलं.

"न आठवायला काय झालं? रात्रभर उशाशी बसली होतीस. 'तू डोळे उघडल्याशिवाय मी इथून हलणार नाही,' म्हणालीस."

"अक्षर न् अक्षर पाठ आहे पोरीला!" बाई खूश झाल्या. "सात वेळा घेतला होता. दर वेळी पट्टी नव्याने भिजवायची."

वाटी अर्धी झाली. बाईंनी चमचा हाताने बाजूला केला.

"घरी माझी पण एक आहे. तुझ्याच वयाची. त्या दिवशी तीही तापाने फणफणली होती. शेजारणीचा सेटवर फोन आला. मी म्हटलं, एवढा सीन होऊ दे, मग निघते."

चमचा हवेतच राहिला.

"मग?"

"मग काय! दुसरा सीन लागला. घरी पोचले तर झोपून गेली होती. नेहमी असंच व्हायचं बघ. सगळी माया तुझ्यावर उधळून जायचे आणि तिच्या वाट्याला नुसती किरकिर." बाईंचे डोळे भरून आले. "तुला भेटली तर सांगशील? म्हणावं, आईचं चुकलं."

"सांगते."

"फार रागावली असेल ग."

"रागावली असेल तेव्हा. आता कशाला रागावेल? आ कर."

बाईंनी उरलेलं सूप संपवलं आणि तिचा हात धरूनच झोपी गेल्या. तिने बऱ्याच वेळाने हात सोडवून घेतला आणि वाटी धुवायला बेसिनपाशी गेली. सिस्टर मागोमाग आली. डोळे पुसले होते, पण आवाजात राग होता.

"पोटची पोर कुठे असते कोण जाणे, आणि तुम्ही मालिकेतलं नातं निभावताय. वाक्यं सुद्धा जशीच्या तशी लक्षात! सगळ्या नटांचं असंच असतं का हो?"

"नटांचं मला नाही माहीत," नळ बंद करत ती म्हणाली. "मी घरी टीव्हीसमोर बसायचे. आई दिसायची ती तेवढ्या अर्ध्या तासातच."