निळ्याला बाहेर काढायचं

"जाळी घेऊन मागे लागलास तर सात जन्मांत हाती लागणार नाही," रत्नाकर म्हणाला. "दगडांच्या फटीत जाऊन बसेल आणि त्याच्यापायी तू माझी सगळी प्रवाळं उखडशील."

आदित्यने जाळी बादलीत ठेवली.

सौदीतल्या अल खफजीच्या त्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची शंभर लिटरची टाकी होती आणि टाकीत एक निळा डॅमसेल मासा होता. अंगठ्याएवढा जीव, पण तोरा सरदाराचा. सगळ्यांच्या आधी त्यालाच सोडला, ही रत्नाकरची चूक. पहिला आलेला मासा अख्खी टाकी आपल्या बापाची समजतो. मागून आणलेल्या दोन गरीब गोबी माशांचा त्याने आठवड्यात निकाल लावला होता. आता रत्नाकरला क्लाऊनफिशची जोडी आणायची होती. कुणाचं कुणाशी पटतं, कोण कुणाचे पर कुरतडतो, कोणाला एकट्यालाच ठेवावं लागतं, हे सगळं त्याने वहीत लिहून काढलं होतं. लग्न जुळवणारेही इतक्या पत्रिका बघत नाहीत.

"मग याला काढायचं कसं, दादा?"

"पाण्याच्या बाटलीचं तोंड कापायचं आणि ती टाकीत आडवी ठेवायची. रोज त्याच्या आवडीचं खाणं त्या बाटलीतच टाकायचं. चार दिवसांत तो निर्धास्त होतो. मग एक दिवस तो आत असताना तोंडावर हात ठेवायचा आणि बाटली उचलायची. त्याला विचारत बसायचं नाही. जिथून आणला तिथे, दम्मामच्या दुकानात परत."

रत्नाकरची बायको मंजिरी चहा घेऊन आली होती. ट्रे हातात तसाच धरून ती ऐकत उभी राहिली. "दगा दिल्यासारखं नाही का हो होत?"

"दगा कसला? बाकीच्यांनी जगायचं की नाही?"

आदित्य हसला. तो नाशिकचाच, रत्नाकरनेच त्याला तीन वर्षांपूर्वी कंपनीत चिकटवला होता. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर दोघे एकाच पाळीत असत. चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. या महिनाअखेरीस रत्नाकरला प्लॅटफॉर्मच्या मुख्य इंजिनियरची जागा आणि तीन वर्षांचा नवा करार मिळायचा होता. बावीस वर्षं तो त्या खुर्चीकडे डोळे लावून बसला होता. त्याच्या खालोखाल नंबर आदित्यचा होता, पण तेवढं चालायचंच.

मंजिरीला मात्र नाशिकला परतायचं होतं. मुलगी श्रुती आठवीपासून तिथे आजीकडे शिकत होती, आता अकरावीला गेली होती. "आणखी तीन वर्षं, मग खलास," असं रत्नाकर प्रत्येक कराराच्या वेळी म्हणायचा. या खेपेला मंजिरीने वाद घातला नाही. उलट त्याची बोट निघायच्या आधी चार दिवस ती रोज त्याच्या आवडीचं करत होती. भरली वांगी, मसालेभात, एकदा तर मांडेसुद्धा. बाईसाहेबांची समजूत पटली म्हणायची, असं त्याला वाटलं आणि बरंही वाटलं.

प्लॅटफॉर्मवर कॅमेऱ्याचा मोबाईल न्यायला बंदी. दर वेळेसारखाच त्याने तो टाकीशेजारच्या फळीवर ठेवला आणि गेला. मोबाईलचा पिन म्हणजे श्रुतीचा वाढदिवस. तो घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होता.

सहाव्या दिवशी आदित्यची दाढ दुखायला लागली आणि त्याला बोटीने किनाऱ्यावर पाठवलं.

"बरा झालास की घरी जाऊन तेवढा निळा काढ," रत्नाकरने बजावलं. "वहिनीला नाही जमायचं."

"काढतो, दादा. काळजी करू नका."

चौदा दिवस भरले आणि बोट धक्क्याला लागली. धक्क्यावर कंपनीच्या ऑफिसातला मुस्तफा हातात पाकीट घेऊन उभा होता. मुख्य इंजिनियरचं पत्र! रत्नाकरने उडीच मारली.

"मुबारक हो, रत्नाकरसाब," मुस्तफा म्हणाला. "आखिर घर चले."

"कौनसा घर?"

पाकिटात राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र होतं आणि त्याखाली देश कायमचा सोडण्याचा व्हिसा. बायकोचा आणि त्याचा.

"मैंने कब इस्तिफा दिया?"

"आठ तारीख को, सुबह। ऑनलाइन। ओटीपी आपके मोबाईल पर गया, वहीं से मंजूर हुआ।" मुस्तफा गोंधळला. "आपने लिखा था, घर का मामला है, बहस नहीं चाहिए। साब ने इज्जत रखी। आपकी जगह आदित्य को दे दी।"

रत्नाकरच्या पायाखालची वाळू सरकली. दाढ! आठ तारखेला हा भामटा किनाऱ्यावर होता. मासा काढायच्या निमित्ताने घरात शिरला असणार. मोबाईल समोरच होता आणि पिन पाठ. ज्याला बोट धरून आणलं त्यानेच गळा कापला. टॅक्सीत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की दुःखाचं ते त्यालाही कळेना. मोबाईल हातात येऊ दे, आधी त्या हरामखोराला फोन लावतो, असं तो स्वतःशी पुटपुटत होता.

मंजिरीने दार उघडलं. घरभर भरल्या वांग्यांचा वास दरवळत होता. ताट वाढलेलं होतं. टाकीत क्लाऊनफिशची जोडी मजेत फिरत होती आणि निळ्याचा पत्ता नव्हता.

"आदित्य कधी आला होता?" तो उंबऱ्यातूनच ओरडला.

"आदित्य? तो कुठला येतोय! दाढ काढली, तापाने फणफणला. आठवडाभर कॅम्पच्या दवाखान्यातच होता."

"मग निळ्याला कुणी काढलं?"

"मी." मंजिरीने फळीवरचा मोबाईल उचलून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "आठ तारखेला सकाळी. दोघांनाही."