चार बोटं दुमड

आफ्रिकेतल्या झांजिबारच्या अनाथ मुलींना एक संस्था शिकवायची आणि त्यांचे शाळेचे फ्रॉक ओमानमधल्या बरका गावचा जहूर टेलर फुकट शिवून द्यायचा. कापड घेऊन संस्थेच्या सलमाबीबी यायच्या. पण घेराखाली चार बोटं कापड आत दुमडल्याशिवाय जहूर फ्रॉकला टीप मारत नसे.

"एवढ्या कापडात आणखी दोघींचं भागेल," बीबी दरवर्षी कुरकुरायच्या.

"पोरी वाढणार नाहीत काय, बीबी?" असं म्हणून तो मशीन सुरू करायचा. रत्नागिरीला त्याच्या आईनं त्याला असेच वाढत्या अंगाचे कपडे घातले होते.

२००४ साली बीबींबरोबर एक उंच, सावळी मुलगी दुकानात आली. मस्कतला नर्सिंग शिकायला आली होती, पांढरा युनिफॉर्म शिवायचा होता. जहूरनं माप घेतलं, कापडावर खडूनं रेघ मारली आणि सवयीनं खाली चार बोटं जास्त धरली.

मुलगी खुदकन हसली आणि अरबीत म्हणाली, "आता दुमड नको, चाचा. तुमच्या सगळ्या दुमडी उसवत उसवतच मी एवढी झालेय."