बोटावरची धूळ

आमच्या ह्यांना घरात धुळीचा कण खपत नाही. कामावरून आले की कपाटावरून बोट फिरवतात आणि माझ्या नाकासमोर धरतात. परवा तर मुक्कामाला आलेल्या माझ्या आईसमोर बोट धरून म्हणाले, "लेकीला हेच शिकवलंत का?"

हेच गृहस्थ दोन महिने लढाऊ विमानाच्या वीतभर मॉडेलवर बारीक ब्रशने काजळी आणि मातीची पूड चढवत होते, लढाईवरून आल्यासारखं दिसावं म्हणून. आज प्रदर्शन. "आंघोळ करून येतो. मग वरून वार्निश मारलं की धूळ पक्की," म्हणत ते आत गेले.

बाहेर आले तेव्हा मी ओलं फडकं पिळत होते आणि विमान लख्ख झालं होतं.



आईला हाक मारून बोलावलं, मग ह्यांना म्हटलं, "फिरवा बोट."